खैरीच्या तलावाची घंटी

पवनी, २ जुलै २०२४, मंगळवार

अखेर पार्सल आलं. खोकं एवढं मोठं की पोस्टमनने विचारलं, "मिक्सर हाय का जी?" आत कागदाचे बोळे, त्याखाली आणखी बोळे आणि तळाशी दोन बोर्ड, बिस्किटाएवढे. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण पोस्टमनला तसं दिसू दिलं नाही.

शोभाला समजावून सांगितलं की हे लो-पॉवर रेडिओ. खातात थोडं, बोलतात लांबवर. एक इथे कुजबुजला की दुसरा दोन किलोमीटरवर ऐकतो, मधे ना तार ना मोबाईलचा टॉवर. ती म्हणाली, "मंग एक तुमच्या कानात बसवा. मी सयपाकघरातून बोंबलली तरी तुमाले ऐकू येत नाही." या बाईला विज्ञानाचं गांभीर्य नाही.

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो, कारण पुढे लोक विचारतील. खैरीच्या तलावावर मच्छीमार सोसायटी आहे आणि श्यामलाल तिचा अध्यक्ष. पावसाळ्यात ते तलावात रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात. तलाव भरून सांडव्यावरून पाणी निघालं की पिल्लं त्याबरोबर पसार होतात. तिथे जाळी आधीपासून लावली तर काडीकचरा अडकून फाटते, म्हणून पाणी चढताच लावावी लागते. पण पाणी चढलं हे कळणार कसं? गाव किलोमीटरभर लांब आणि तलावावर मोबाईल म्हणजे नुसता टॉर्च. गेल्या साली सगळी पिल्लं खालच्या धानाच्या बांध्यांत गेली आणि बगळ्यांची चंगळ झाली. श्यामलालच्या घरच्या सगळ्या लग्नांची लुगडी माझ्या दुकानातून गेलेली. मी त्याला शब्द दिला, की सांडव्यावर पाणी चढलं की तुझ्या घरात घंटी वाजेल.

दुकान मी दिवाळीत बंद केलं. लोक आता मोबाईलवर साड्या घेतात. तेव्हापासून आमचा भूषण पुण्याहून सारखा म्हणतो, "बाबा, आता तिथे आहे काय? दोघंही इकडे या." मी एकदा त्याच्याकडे राहून आलो आहे. आठवा मजला. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात आणि खाली उतरलं तर एक कुत्रंही ओळखीचं नाही. काल फोनवर शेवटी तोड निघाली. घंटी चालली तर आम्ही पवनीतच. नाही चालली तर ऑगस्टात तो गाडी घेऊन येणार, आणि मी एक शब्द न काढता मागच्या सीटवर बसायचं. शोभा शेजारीच उभी होती. हातातला झारा तसाच. तिलाही धक्का बसला असणार.

३ जुलै, बुधवार

यश! एक बोर्ड दुकानात ठेवला (दुकानाला आता मी प्रयोगशाळा म्हणतो, शोभा अडगळ म्हणते) आणि दुसरा घेऊन वैनगंगेच्या घाटापर्यंत गेलो. शेवटच्या पायरीवरही सिग्नल होता.

छोट्या पडद्यावर सिग्नल आकड्यात दिसतो आणि तो आकडा नेहमी उणे असतो. आधी मला वाटलं बोर्ड बिघडलेला आला. मग यूट्यूबवरच्या एका पोराने सांगितलं की उणे सत्तर हे उणे एकशे वीसपेक्षा चांगलं. ज्यात उणं कमी ते बरं. भूषणसाठी स्थळं पाहताना आम्ही हेच केलं होतं.

घाटावर ओळखीचे चारपाच जण भेटले. सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. एकाने विचारलं, "याच्यावर भजनं लागतात का?" मी बोर्ड खिशात घातला.

५ जुलै, शुक्रवार

प्लास्टिकच्या डब्यात बोर्ड बसवला, अँटेना वर काढली, पाणी शिरू नये म्हणून कडा मेणाने बुजवल्या. घंटीसाठी भंगारवाल्याकडून शाळेची जुनी विजेची घंटी आणली. ती वाजली की शेजारच्या गोपीचंदच्या खताच्या दुकानातली गिऱ्हाईकं दप्तर आवरायला लागतात असं तोच म्हणतो.

शोभाने डबा पाहिला आणि नाक मुरडलं. "चार लोकांत हे असं उघडं-नागडं नेऊन राहिले?" आमच्या घरात कोणतीच वस्तू उघडी राहत नाही. विणकराची लेक आणि विणकराची सून. टीव्हीला खोळ, शिलाई मशीनला खोळ, रिमोटला खोळ, गॅसच्या सिलिंडरला तर काठ लावलेली. मी म्हटलं, शिवून टाक मग यालाही एक.

संध्याकाळी खोळ तयार होती, अँटेनासह वरून खालपर्यंत. मी ती हातात घेऊन उजेडाकडे नेली. तिने लग्नातल्या शालूचा पदर कापला होता. आमच्या बाबांनी सुनेसाठी स्वतः मागावर बसून विणलेला शालू, खऱ्या चांदीची जर, पदर भरगच्च, कापडापेक्षा जरच जास्त. शालू विरला, पदर तसाच. "कपाटात पडूनच हाय," ती म्हणाली, "तुमच्या कामाले येऊ दे." डबा देवघरात ठेवण्यासारखा दिसतो. मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत तिने माझ्या कोणत्याच उद्योगाला एवढी किमती वस्तू दिली नव्हती.

७ जुलै, रविवार

अपयश. घंटी श्यामलालच्या ओसरीत लावली, डबा सांडव्यावर खुंटीला बांधला, पाणी चढलं की वर उचललं जाऊन घंटीला इशारा देणारं तरंगतं थर्मोकोल हाताने उचललं. श्यामलालची सून नंदिनी घरून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन म्हणाली, "नाही वाजली जी." पुन्हा उचललं. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला तिने पाळीवरूनच हात हलवला. डबा गावाकडे नेत नेत शेवटी श्यामलालच्या गोठ्याशी आलो तेव्हा कुठे घंटी वाजली. तिथून मी नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.

श्यामलाल भला माणूस. म्हणाला, "सेठजी, नवीन हाय, लाजत असन." सगळे मात्र खोळीचं कौतुक करत होते.

८ जुलै, सोमवार

काल घंटीकडचा बोर्डही काढून आणला होता; घरी डबा उघडला. जर मोडू नये म्हणून आधी खोळ नीट घडी करून बाजूला ठेवली, मग बोर्ड तपासला. उत्तम चालतो! घाटापर्यंत जाऊन आलो, उणे ब्याऐंशी. पुन्हा डब्यात घातला, खोळ चढवली, दोन्ही बोर्ड घेऊन स्कूटरवर खैरीला गेलो. गोठ्याच्या पुढे मुका.

म्हणजे बोर्ड ठीक आहे. खैरीतच काहीतरी आहे.

११ जुलै, गुरुवार

कारणांचा विचार केला. पहिलं कारण पाणी. यूट्यूबवरचा पोरगा म्हणतो की ओली झाडं सिग्नल पितात. झाडं पितात तर एवढा मोठा तलाव किती पीत असेल? श्यामलालला म्हटलं, पाण्यामुळे अडचण आहे. तो म्हणाला, "मंग तलावातलं पाणी काढाचं का जी?" त्याने हे गंभीरपणे विचारलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरं कारण, अँटेना चुकीच्या पट्टीची, म्हणजे फ्रिक्वेन्सीची असणं. ती तपासली, बरोबर आहे. तिसरं, अँटेनाचा स्क्रू सैल असणं. तो होता! आवळला. खूप आनंद झाला. खोळ घालून खैरीला गेलो. गोठ्यापासून पुढे दोन घरं जास्त गेलो असेन. प्रगती आहे, पण तलाव अजून लांब.

१४ जुलै, रविवार

शोभाने भूषणला फोनवर सगळं सांगून टाकलं. मग तो माझ्याशी बोलला. "बाबा, पाठवायची ताकद कोडमध्ये किती ठेवली?" पाहिली तर सगळ्यात कमी. यूट्यूबवरच्या पोराने टेबलावर दाखवायला ठेवलेली, मी तशीच उतरवलेली. वाढवली. "आणि पेटी धातूची तर नाही ना? धातूच्या आतून रेडिओ जात नाही."

मला राग आला. साठी उलटलेल्या माणसाला एवढं कळत नाही का? म्हटलं, "शुद्ध प्लास्टिकची आहे! लोणच्याची बरणी होती!" तो म्हणाला, "बरं, बरं." मग नातीला फोन दिला आणि शोभा तासभर तिच्याशी बोलत बसली. पाच वर्षांच्या मुलीशी एवढं काय बोलायचं असतं? फोन ठेवल्यावर मला विचारते, "पुण्याले थंडी किती पडते हो?" बिचारीची मनाची तयारी चालली आहे. मी तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नको, जाऊ देणार नाही मी तुला.

१६ जुलै, मंगळवार

ताकद वाढवून उपयोग थोडाच. आता संशय गोपीचंदवर. त्याने दुकानात चार कॅमेरे लावलेत, सगळे बिनतारी. पण कॅमेरे पवनीत आणि बिघाड खैरीत, हे कसं? ते कळत नाही, पण माणूस तसा आहे. त्याला एक दिवस कॅमेरे बंद ठेवायची विनंती केली. त्याने ठेवले. नेमकी त्याच दुपारी एक बकरी दुकानात शिरून पालकाचं बियाणं खाऊन गेली. आता तो मला म्हणतो, बकरी कोणाची ते कॅमेऱ्यात दिसलं असतं. आमचं बोलणं बंद आहे. रेंजमध्ये फरक नाही.

१९ जुलै, शुक्रवार

उंची! अँटेना उंच हवी. श्यामलालने लांब बांबू दिला. टोकाला डबा बांधला, खोळ वाऱ्यावर फडफडायला लागली. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, चपला काढल्या आणि हात जोडले. एकीने विचारलं, "कोणत्या देवाची काठी जी?" श्यामलाल म्हणाला, "घंटीबाबाची." मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. परत येताना पाहतो तर बांबूच्या बुडाशी कोणीतरी नारळ ठेवलेला.

घंटी वाजली नाही.

घंटीही तपासली. ती ओसरीत टिनाच्या पत्र्याखाली होती, पत्रा धातूचा. माझ्या एकदम लक्षात आलं की भूषण म्हणाला ते हेच! घेणारा बोर्ड बाहेर काढून वळचणीला, उघड्यावर लावला. धातू म्हटल्यावर कुठे पाहायचं हे अनुभवी माणसालाच कळतं. उद्या पुन्हा पाहू.

२० जुलै, शनिवार

नाही.

२३ जुलै, मंगळवार

सोसायटीची बैठक झाली. बोटुकली तलावात सोडली आहेत. श्यामलाल आज नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, "सेठजी, तुमच्या शब्दावर आमी यंदा पाळीवर राखण बसवली नाही. मानसं मले इचारून रायले." ठरलं, ४ ऑगस्टला रविवारी सगळ्यांसमोर घंटी वाजवून दाखवायची. वाजली नाही तर ते त्यांची व्यवस्था करतील. भूषणलाही तीच तारीख कळवली. तो म्हणाला, "येतो मग गाडी घेऊन."

घरी आलो तर शोभा नवीन बॅग घेऊन आलेली, चाकांची. म्हणे स्वस्त मिळाली. मला जेवण गेलं नाही. ही नदी, हा बाजार, सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून आल्यागेल्याला नाव घेऊन हाक मारणं, हे सगळं एका बिस्किटाएवढ्या बोर्डावर टांगलेलं आहे. मला पुण्याला जायचं नाही. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण मोठ्याने म्हटलं तर रडू येईल आणि शोभा घाबरेल.

२८ जुलै, रविवार

कारण सापडलं. लिहायला हात धजत नाही.

सांडव्यावर डबा बांधून मी पाळीवर डोकं धरून बसलो होतो. नंदिनी आली होती. म्हणाली, "काकाजी, ही खोळ मी घरी सासूले दाखवून आनू का? असा पदर आता पाहाले नाही भेटत." मी म्हटलं, ने. तिने खोळ उतरवली आणि घराकडे गेली. जवळ मोबाईल नाही, घड्याळ नाही, काही नाही, नुसतं थर्मोकोल हातात. चाळा म्हणून उचललं.

थोड्या वेळाने नंदिनी पळत आली. "काकाजी, वाजून रायली! अशी वाजली का गावातले कुत्रे भुकून रायले!"

आधी मला तो तिचा पायगुण वाटला. मग तिच्या हातातली खोळ पाहिली. मग तिला पुन्हा पुन्हा घरी पिटाळलं. खोळ घातली, थर्मोकोल उचललं. नाही. खोळ काढली, उचललं. वाजली. चांदी. बाबांनी विणलेली खरी चांदी. वरून खालपर्यंत, अँटेनासह, मी रेडिओला चांदीच्या पिंजऱ्यात कोंडत होतो आणि वर गोपीचंदचे कॅमेरे बंद करत होतो.

नंदिनीला शपथ घातली, कोणाला सांगू नको. ती म्हणाली, "काकूले सांगाचं नाही का?" मी म्हटलं, मुळीच नाही.

३१ जुलै, बुधवार

कसं सांगणार? तिने लग्नाचा पदर कापला. कापलेला पदर परत जोडता येत नाही. आता जाऊन म्हणू की तुझ्यामुळेच चालत नव्हतं?

मी तोड काढली आहे. घरून डबा खोळ घालून न्यायचा, खैरीच्या वळणावर खोळ काढून सदऱ्याच्या आत ठेवायची, काम झालं की पुन्हा चढवून घरी यायचं. तीन दिवस सगळं सुरळीत. घंटी प्रत्येक वेळी वाजते. श्यामलाल खूश.

आज मुसळधार पाऊस. खोळ सदऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत होती, ती दाराशीच डब्यावर चढवली आणि भिजून चिंब घरात आलो. शोभाने डबा हातात घेतला, खोळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अजी, तुमी तं वले झाले. खोळ कोरडी कशी?"

मी म्हटलं, झाडाखाली होतो.

"तुमी झाडाखाली नव्हते का मंग?"

मी म्हटलं, खोळ जास्त आत होती. ती म्हणाली, "बरं." आणि भजी तळली. विषय संपला. वेळेवर सुचतं मला.

३ ऑगस्ट, शनिवार

भूषण आला, मोठी गाडी घेऊन. मागची अर्धी सीट पाडून सामानाला जागा केली होती; मी जाऊन ती पुन्हा सरळ केली. उद्याची मला काळजी नव्हती, पण संध्याकाळी शोभा म्हणाली, "उद्या मीपण येतो तलावावर. खोळ माह्याच हातानं घालीन. हळद-कुंकू लावाचं हाय."

मी म्हटलं, चिखल आहे. म्हणाली, चप्पल हाय. म्हटलं, ऊन असेल. म्हणाली, छत्री हाय.

४ ऑगस्ट, रविवार

सगळं आज घडलं तसं लिहितो.

पाळीवर सारं खैरी जमलेलं. पोरं, म्हाताऱ्या, दोन बैल. शोभाने डब्याला हळद-कुंकू लावलं, खोळ चढवली, खालून नाडी बांधली, गाठीवर गाठ मारली. बायका म्हणाल्या, काय सुंदर. श्यामलालने थर्मोकोल उचललं.

मी गावाकडे कान लावला. काहीच नाही. पण किलोमीटरभरावरून घंटी ऐकू येणार नव्हतीच. श्यामलाल म्हणाला, "वाजली का नाही, घरून सांगाले येतीन." आम्ही वाट पाहिली. कोणी येईना. मग श्यामलालने आजूबाजूला पाहिलं. "घरी कोन हाय?"

नंदिनी म्हणाली, "मी तं इथं हाव. मले वाटलं तुमी कोनाले ठेवलं." सोसायटीचे सगळे इथे. शेजारी इथे. शेजाऱ्यांचे शेजारी इथे. घंटी वाजते का ते पाहायला अख्खं गाव घंटी सोडून आलं होतं.

"घरी फक्त सखाबाई हाय," श्यामलाल म्हणाला. सखाबाई म्हणजे त्याची आई. "पन तिले कानानं ऐकू येत नाही."

लोक हसायला लागले. भूषणने डब्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. शोभा पाण्याकडे पाहत होती. मला मात्र ठाऊक होतं की घरी कोणी असतं तरी उपयोग नव्हता. घंटी वाजलेलीच नाही.  एकीकडे पवनी, एकीकडे शोभाचा पदर. मी तिच्याजवळ गेलो आणि कानात म्हटलं, "शोभा, खोळ काढावी लागते. चांदी हाय ना, तिच्यातून बाहेर नाही जात. तुह्यी चूक नाही. मीच बैताड."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता चार लोकांत माझा उद्धार होणार. तिने गाठी सोडायला घेतल्या. गाठी घट्ट होत्या, वेळ लागला. नंदिनी मदतीला आली तर तिला बाजूला केलं. खोळ काढून घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. "उचला आता," ती श्यामलालला म्हणाली.

त्याने उचललं. घरी जाऊन कोणी पाहायचं यावर अर्धा तास वाद चालला; शेवटी नंदिनी निघणार तोच पाळीच्या दुसऱ्या टोकाला काठी टेकत कोणीतरी येताना दिसलं. सखाबाई. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने काखेत धरलेली कोंबडी, आणि तोंड चालू. जवळ आली तेव्हा शब्द कळायला लागले.

"कोन्या मेल्यानं का केलं माह्या घरात? कोंबडी अंड्यावरून उठली नं बाप्पा! एकवीस दिवसाची तपश्चर्या! भिंतीवर काहीतरी थरथरून रायलं आन् कोंबडी आढ्याले जाऊन लागली!"

श्यामलालने तिच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, "आई, घंटी वाजली का?"

"मले का ऐकू येते रे? कोंबडीले इचार!"

मग जो आरडाओरडा झाला तो पवनीपर्यंत ऐकू गेला असेल. श्यामलालने मला उचललं. बैल बिथरले. सोसायटीने तिथल्या तिथे ठरवलं की घंटी कायम राहणार, फक्त ओसरीतून शाळेच्या पडवीत जाणार, कारण सखाबाई कोंबडी हलवायला तयार नाही. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. भूषणच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "ने आता गाडी रिकामी!"

तो हसला, पण थोडासाच.

५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी भूषण गाडी पुसत होता. मी चहा घेऊन गेलो. रुबाबात म्हटलं, खोळीचं गुपित मीच शोधून काढलं, तुम्हा इंजिनिअरांना जमलं नाही. तो म्हणाला, "बाबा, मला मागच्या बुधवारी आईनं फोनवर विचारलं होतं. चांदीच्या जरीतून सिग्नल जाते का म्हणून. मी सांगितलं, जात नाही. म्हणाली, बरं, मी सांगतो त्याहिले."

बुधवारी. खोळ कोरडी राहिली त्या दिवशी.

मी तावातावाने आत गेलो. शोभा तांदूळ निवडत होती. म्हटलं, "तुले माहीत होतं? माहीत असून गाठीवर गाठ मारली? मले काहून नाही सांगितलं?"

तिने सूप खाली ठेवलं. "तुमी मले इचारलं का?"

"काय इचारलं?"

"पुण्याले याचं हाय का म्हणून. तुमचं आन् भूषणचं ठरलं, घंटी वाजली तं राहाचं, नाही वाजली तं जाचं. मी बाजूलेच उभी होती. कोनी इचारलं का, शोभा, तुह्यं काय? पोरगी पाच वर्साची झाली. मी तिले मोबाईलात मोठी होताना पाहून राहिली."

मला एकेक आठवायला लागलं. थंडी किती पडते, ही बॅग, तासतासभर फोन. हे सगळं मी या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी खाली काय लिहिलं? बिचारी घाबरली आहे. मला इतकी लाज वाटली की बसायला पाट कुठे आहे ते दिसेना.

"मंग काल सोडली काहून?" मी विचारलं. "गाठी राहू द्यायच्या होत्या."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "तुमी सोताच म्हटलं ना, मीच बैताड म्हणून. एवढं म्हणल्यावर काय करणार?"

बॅग पलंगाखाली होती. उचलून पाहिली तर भरलेली. मीच ती गाडीत नेऊन ठेवली. भूषण बघत राहिला. म्हटलं, "आई येते. महिना, दोन महिने, तिले वाटन तवरी. मी इथं आहे, पाऊस संपेपर्यंत तलाव सोडता येत नाही." शोभा गाडीत बसली तेव्हा म्हणाली, कुकरची शिट्टी नीट बसत नाही, दाबून बसवा. मी म्हटलं, हो. गाडी वळणाआड गेल्यावरही मी पायरीवर बसून होतो. गोपीचंद त्याच्या दुकानातून आला, आपलं बोलणं बंद आहे हे विसरून शेजारी बसला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी पाऊस थांबता थांबेना आणि खैरीची घंटी खरोखर वाजली. या वेळी कोणी थर्मोकोल हाताने उचललं नव्हतं. शाळेतली पोरं ओरडत श्यामलालकडे पळाली, जाळी वेळेवर लागली. पिल्लं तलावातच आहेत. श्यामलाल स्वतः सांगायला पवनीला आला. नंदिनी आता डबा उघडून स्क्रू आवळते, बॅटरी बदलते. माझ्यासाठी तिथे फारसं काम उरलेलं नाही, हे तिने मला फार आदराने सांगितलं.

शोभाला फोन लावला. बोटुकल्यांचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मागे नात कुठलं तरी गाणं ओरडून म्हणत होती. मग माझं सांगून झालं आणि मी फोन ठेवणार होतो. ठेवला नाही.

म्हटलं, "पोळा झाला का मी येऊ का तिकडं? राहाले. महिनाभर."

"सांगून राहिले का इचारून राहिले?"

"इचारून राहिलो."

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. फोन कानापासून काढून पाहिला तर चालूच होता. पुन्हा कानाला लावला.

"या मंग," ती म्हणाली.